उपासाच्या गोळ्या

मित्रांनो, मी मिश्रीची एक जुनी डबी आहे. पत्र्याची, मुठीत मावेल एवढी. अभिमानाने सांगावं असं माझ्याजवळ काही नाही. मला मान असती, तर ती खाली घालूनच मी हे सांगितलं असतं.

नगरच्या एका पत्रेवाल्याने तुपाच्या जुन्या डब्यातून मला कापून काढलं. तिसगावच्या आठवडे बाजारात चांगुणाने मला विकत घेतलं. रोज सकाळी ती चिमूटभर मिश्री दातांना लावी, मला कमरेला खोची आणि कामाला पळे. सासरच्या घरात तिच्याइतकं चपळ कोणी नव्हतं.

बहात्तर सालच्या दुष्काळात मात्र चांगुणा मंदावली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, केस मूठमूठ गळू लागले. दुष्काळी कामावर खडी फोडताना भर उन्हात तिला हुडहुडी भरे आणि हातोडा हातात धरूनच ती पेंगे. बायका हसत. सासू झुंबरबाई चारचौघींत म्हणे, "सून न्हाई, पोतं हाय आमचं. ठिवलं तिथं ऱ्हातंय." चांगुणा नुसता पदर पुढे ओढून घेई.

शेवटी नवरा कारभारी तिला एस.टी.ने नगरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. म्हणाल्या, "तुमच्या गळ्यातली एक ग्रंथी मंदावली आहे. हा आळस नव्हे, आजार आहे. रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी. एक दिवसही चुकवायची नाही. आणि मिश्री बंद." हा आळस नव्हे, एवढं ऐकूनच चांगुणाला रडू कोसळलं.

मिश्री सुटली आणि मी रिकामी पडले. इकडे झुंबरबाईने मोहट्याच्या देवीला नवस बोलला. सून बरी व्हावी म्हणून सुनेने दसऱ्यापर्यंत मंगळवार आणि शुक्रवार कडक धरायचे, पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. तोंडाने फटकळ असली, तरी सून बरी व्हावी असं तिला मनापासून वाटत होतं. सोमवार आणि गुरुवार चांगुणाचे आधीपासूनच होते, तेही तिने आता तसेच कडक धरले. आता कडक उपासाला गोळी कशी चालणार? सासूला विचारायची सोय नव्हती आणि औषध फेकून देणं जिवावर येई. म्हणून उपासाच्या दिवशीची गोळी ती गुपचूप माझ्यात टाकू लागली. बरं होण्यासाठी धरलेल्या उपासांनीच तिचं औषध तोडलं.

आणि मला काय वाटलं म्हणाल? मला आनंद झाला! रिकामी पडलेली मी पुन्हा भरू लागले, पुन्हा तिच्या कमरेला बसू लागले. आठवड्यातले चार दिवस माझे होते. तिच्या चेहऱ्यावरची सूज मला दिसत होती, पण मी माझ्या वजनावर खूश होते. त्याची लाज मला आजही वाटते.

डॉक्टरीणबाई विचारत, "रोज घेता ना?" शेजारी कारभारी उभा असे, कामाचा खाडा करून आलेला. चांगुणा खालमानेने म्हणे, "व्हय." फरक दिसेना, म्हणून एकीच्या दोन गोळ्या झाल्या, दोनाच्या तीन.

दसऱ्याला देवीची ओटी भरून चांगुणाने सगळे उपास सोडले आणि तीन गोळ्या खरोखर रोज घेऊ लागली. थोड्या दिवसांत ती तरतरीत झाली. देवी पावली म्हणून झुंबरबाईने गावभर सांगितलं. पण महिना उलटला तशी चांगुणाची छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले, झोप उडाली. एक दिवस ती पाणवठ्यावर घागरीसकट कोसळली.

या खेपेला झुंबरबाईही नगरला आली. दया नावाच्या नर्सने चांगुणाचं लुगडं सैल केलं, तशी मी तिच्या हाताला लागले. "मिश्री सोडली नाही का हो?" असं म्हणत तिने झाकण उघडलं आणि पांढऱ्या गोळ्यांचा ढीग गादीवर सांडला.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी उचलून पाहिली. मग चांगुणाच म्हणाली, "उपासाच्या हायेत, बाई. म्या खोटं बोलले. तुमी हसाल, असं वाटलं."

"तुमच्या शब्दावर मी गोळ्या वाढवत गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जीव गेला असता, बाई." पण त्या ओरडल्या नाहीत. काही दिवस दवाखान्यातच ठेवून घेऊन त्यांनी गोळी बंद केली, मग पुन्हा एकीपासून सुरुवात केली. महिन्या-दोन महिन्यांनी नाडी पाहत थोडी वाढवली. शेवटी दीड गोळी तिला मानवली. चांगुणाचे केस परत आले, आवाज परत आला.

त्याआधीची एक सकाळ मात्र सांगायलाच हवी. दवाखान्यातून घरी आल्यावरचा तो पहिला मंगळवार. झुंबरबाई एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन सुनेपुढे उभी राहिली. सुनेच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर होईना.

"नवस म्या बोलले आन् तोंड तुझं बांदलं," ती म्हणाली. "हितून फुडं कंचाबी उपास आला, तर त्यो माझा. तू गोळी घे."

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. घरातलं आजारी माणूस 'व्हय' म्हणालं, की तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा जवळ बसा. खरं सांगितलं तरी कोणी हसणार नाही, एवढा भरवसा त्याला द्या. चांगुणाला तो कोणीच दिला नव्हता. आणि जिला सगळं ठाऊक होतं, ती मी, तिच्याच कमरेला बसून मजेत भरत होते.