चार मिनिटांचा थांबा

सगळ्या डेपोत तिला 'उंटीण' म्हणत. हे नाव पाडलं मिशीवाल्या ज्येष्ठ ड्रायव्हरनं, कारण ती सकाळी सहाला बस काढायची आणि दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं मिळायची आणि तिथं संडास नव्हता. पुरुष मंडळी भिंतीआड जाऊन येत. ती काच पुसत बसे.

एका मंगळवारी चढणीवर कमरेतून अशी कळ आली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली आणि मगच ओरडली. दवाखान्यात तपासणीत मुतखडा निघाला.

"भरपूर पाणी प्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पिते हो. पण जाऊ कुठं?"

डॉक्टरीणबाईंनी ठळक अक्षरांत चिठ्ठी लिहिली : दर दोन तासांनी लघवीला जाणं आवश्यक.

ती चिठ्ठी घेऊन ती वेळापत्रक आखणाऱ्या साहेबांपुढे उभी राहिली.

"चार मिनिटं आहेत की," साहेब म्हणाले.

"एक दिवस माझ्यासोबत फिरा, साहेब. पुढची सीट राखून ठेवते."

साहेब आले, तेही दोन कप चहा ढोसून. पहिल्या फेरीत ते ऐटीत घड्याळ बघत होते. दुसरीत पायावर पाय चढला. शेवटच्या थांब्यावर ते भिंतीकडे धावले आणि तसेच परतले. भिंतीवर त्यांच्याच सहीची पाटी होती : 'येथे लघवी करू नये'.

तिसऱ्या फेरीत त्यांना घाम फुटला. "बाई, जरा थांबवता का?"

"वेळापत्रकात बसत नाही, साहेब."

मागच्या सीटवरच्या एक आजीबाई फिस्सकन हसल्या. शेवटी तिलाच दया आली. पेट्रोल पंपावर तिनं बस उभी केली आणि साहेब सुसाट पळाले. परतले तेव्हा अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. साहेबही ओशाळून हसले.

दोन महिन्यांत शेवटच्या थांब्यावर पक्कं स्वच्छतागृह झालं आणि चाराची बारा मिनिटं झाली, सगळ्यांसाठी.

"पोरी," मिशीवाले हळूच म्हणाले, "मलाही वर्षभर लघवीला आग होत होती. एवढ्या मिशा असून बोलायची छाती झाली नाही."

उद्‌घाटनाला फितीऐवजी सीटकव्हरची पट्टी बांधली होती. ती कापून पहिला मान तिनंच घेतला. बाहेर आली, तर तीन बसचे हॉर्न एकदम वाजले.

"कुणाचं लग्न आहे का?" नुकत्याच चढलेल्या बाईंनी विचारलं.

"नाही हो," ती हसत म्हणाली, "बसा निवांत, अजून सात मिनिटं आहेत."