दोन मिलिमीटर

"आला गं, आला! माझा लेक परत आला!"

सासूबाईंचा तो आवाज दहा वर्षांपूर्वीचा. माझी लेक तेव्हा सात वर्षांची. पुढचे दोन पक्के दात नुकतेच पुरते उतरले होते, आणि कशावरून तरी ती खळखळून हसली. दोन दातांच्या मधे फट. थेट बापाची. सासूबाईंनी तिला कवेत ओढलं आणि बापाला जोजवताना म्हणायच्या ते गाणं पुन्हा ओठांवर घेतलं :

दोन दातांत खिडकी, खिडकीत गं चांदणं,
हसलं माझं बाळ, उजळलं अंगण.

मी ओट्यापाशी उभी होते. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मला वाटलं होतं, संपलं. हातातलं पातेलं कुठं टेकवावं ते मला सुचेना.

त्याच्या मागं मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले, त्याला आता अकरा वर्षं होतील. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही. हत्यारं धुते, दातांचं माप घ्यायचा मसाला कालवते, लाळ ओढायची नळी धरते, लहान मुलांना आणि मिशीवाल्या पहिलवानांना सारखाच धीर देते. या कामानं डोळ्यांना खोड लागते. माणूस दारातून आत येतो, तर मला आधी त्याचे दात दिसतात, मागाहून माणूस.

आमच्या डॉक्टर मॅडमनी यंदा एका परिषदेसाठी अभ्यास काढला होता. हसणं सुंदर कशानं ठरतं? डॉक्टरांना जे खुपतं, ते साध्या माणसांना खुपतं का? त्यासाठी त्यांना फट असलेलं एक हसू हवं होतं.

"सिस्टर, तुमच्या मुलीचं चालेल? चेहरा दिसणार नाही. आणि बदल्यात तिच्या दातांना तार मी फुकट लावून देईन."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले.

लेकीचा फोटो निघाला. नाकाच्या खालून कापला, हनुवटीच्या वरून कापला. उरले ओठ आणि दात. कॉम्प्युटरवर त्याच हसण्याचे चार फोटो केले. पहिल्यात फट नाहीच, दुसऱ्यात अर्धा मिलिमीटर, तिसऱ्यात एक, आणि चौथं तिचं स्वतःचं, दोन मिलिमीटरचं. खाली दहापैकी गुण लिहायला चौकटी.

दातांच्या बारा डॉक्टरांनी आधी गुण दिले. पहिल्याला नऊ, चौथ्याला तीन, फार तर चार. मग बाहेर बाकावर बसलेल्यांची पाळी आली. कागद घेऊन फिरायचं काम माझं.

"चारही सारखेच की हो," एक बसचालक म्हणाला.

"नीट बघा ना, भाऊ."

"नीट काय बघू? इथं माझी दाढ ठणकतेय आणि तुम्ही मला दुसऱ्याचं हसू दाखवताय!" त्यानं सरसकट आठ-आठ देऊन टाकले.

एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. "उभ्या नोकरीत मी कुणाला दहापैकी नऊ दिले नाहीत. या चौथीला देते. ही मनापासून हसतेय. बाकीच्या नुसत्या दात दाखवतायत."

हसू एकच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"गंमत बघा," मॅडम म्हणाल्या, "आपल्याला अर्धा मिलिमीटर टोचतो, आणि लोक दोन मिलिमीटरवर जीव टाकतात. सिस्टर, तुम्हीही द्या गुण. पण तुम्हाला घालू कुठल्या यादीत? डॉक्टरांच्या की साध्या माणसांच्या?"

मी चौथ्या चौकटीत शून्य लिहिलं.

"अरे बापरे! तुम्ही तर आमच्याहून कडक. शून्य कुणीच दिलं नव्हतं."

त्यांना काय सांगणार? माझा नवरा कधी ओरडला नाही. गल्लीत सगळे म्हणायचे, काय हसरा माणूस, नशीब काढलंस! तो दार लावायचा, माझ्याकडे वळायचा आणि हसायचा. ती फट दिसली की मी दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायची. पुढचं सांगण्यासारखं नाही. काविळीनं आठ दिवसांत गेला तेव्हा आळी रडली. मीही रडले. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

गुरुवारी सासूबाई दवाखान्यात आल्या. कवळी हिरडीला टोचत होती. मॅडमनी ती घासून दिली आणि हसत हसत तो कागदही पुढं केला. मी नको म्हणेपर्यंत म्हातारीचं बोट चौथ्या फोटोवर जाऊन थांबलं होतं.

"अगं बाई! हा इथं कसा?"

"कोण, आजी?"

"माझा लेक. ओठ आणि दात एवढंच कापून ठेवलंत, म्हणून काय आई ओळखणार नाही? याला दहा लिहा. दहाच्या पुढं काही असेल तर तेही लिहा."

"आणि हे तीन?"

"ही कुणाची पोरं, मला ठाऊक नाही. परक्यांच्या लेकरांना मी गुण देणारी कोण?"

मॅडमना हसू आवरेना. "आजी, चारही तुमची नातच आहे. सोमवारी तार लावतोय. वर्षभरात ती या पहिल्यासारखी दिसेल बघा."

म्हातारीचं बोट कागदावरच राहिलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. धुतलेली हत्यारं मी पुन्हा पाण्यात टाकली. तारेचं मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं.

घरी येईपर्यंत त्या माझ्या दोन पावलं पुढंच चालत राहिल्या. घरी लेक क्लासला जायच्या घाईत होती. उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिला बघितलं आणि सासूबाईंचा बांध फुटला.

"माझ्याकडे त्याचं दुसरं राहिलंय काय? कपडे विरले, फोटो पिवळे पडले. एक ते हसू उरलंय हिच्या तोंडात. तेही बुजवायला निघालीस? रस्त्यातला खड्डा आहे का तो?"

"आई, तिच्या भल्यासाठीच ना. बारा डॉक्टरांनी बघून—"

"बारा डॉक्टर जन्मभर हिचं तोंड बघत बसणार आहेत का?"

"आजी," लेक नाडी ओढत म्हणाली, "मीच हो म्हटलंय."

"तू? मैत्रिणी छान म्हणतात म्हणून आरशापुढून हलत नव्हतीस ती तू?"

"छानच आहे. मला आवडते माझी फट." तिनं दुसरा बूट पुढं घेतला. "पण मी हसले की आई दुसरीकडे बघते. नेहमीच. आधी वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. मग मी आरशात शोधत बसायची. ही फट सोडून काही सापडलं नाही." आणि मान वर न करता, दूध आलं का असं विचारावं तसं तिनं विचारलं, "तार लावली की बघशील ना गं आई?"

तिनं थोडी वाट पाहिली, दप्तर खांद्याला लावलं आणि ती जिना उतरून गेली.

मी जिथं उभी होते तिथंच बसले. मला वाटायचं, कुणाला कळत नाही. मान वळवायची, चूल बघायची, उगाच घड्याळाकडे बघायचं. अन् ती हसत राहायची आणि माझी मान मोजत राहायची. दहा वर्षं. त्यानं मला मारलं ते भिंतीआड. मी हिला सगळ्यांच्या देखत मारत होते, आणि तेही न बोलता.

"सोमवारी जायचं नाही," मी म्हणाले. "मॅडमना सांगते मी. दात तिचे आहेत, राहू देत."

"देव पावला!" सासूबाईंनी सुस्कारा सोडला. दोरीवरचे कपडे काढून त्या मांडीवर घड्या घालू लागल्या. चेहरा निवळला. "पण मग एवढा हट्ट कशाला धरला होतास गं? हसू तर हसू. त्यात एवढं जिवावर येण्यासारखं काय होतं?"

मूग गिळून बसायची मला सवय होती. आणखी दोन घासही गिळले असते. पण कानांत पोरीचा प्रश्न होता.

"आई, तुमचा लेक मला मारायच्या आधी हसायचा."

एवढंच वाक्य. उपटलेली दाढ तळहातावर ठेवली की पेशंट म्हणतात, एवढीशीच होती? तसं वाटलं. आता त्या अंगावर येतील, मेलेल्यावर आळ घेतेस म्हणतील, ऊर बडवतील. मी वाट बघत राहिले.

त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. मग ती मोडली. पुन्हा घातली. कडा जुळेनात.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "तुम्हाला कळू नये म्हणून तोंडातून आवाज काढत नव्हते."

"काढायचीस," सासूबाई म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"तुमच्या खोलीचं दार लागलं की मी भांडी घासायला बसायची. घासलेलीच. नळ मोठा सोडून. तरी ऐकू यायचं गं."