रेघेची फुली

“पाडा त्याला! पाय बांधा नि पाडा!” मुकेश ओरडला, तसा तांबड्या आणखीच बिथरला. दोन गडी दोराला लोंबकळत होते. बैलाने मान झटकली आणि दोघेही शेणात लोळले.

लडक्या विस्तवाजवळ उकिडवा बसून लोखंड तापवत होता. झरीच्या पाड्यात गुरांना डाग द्यायचं काम बापाकडून त्याच्याकडे आलं होतं. हल्ली गुरांच्या कानात सरकारी बिल्ले असतात, पण ते करवंदीच्या जाळीत अडकून तुटतात. कातड्यावरचा डाग तुटत नाही. कुठल्या घराची कुठली खूण, हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकड्याची एक तिरकी रेघ. त्याच्या भावाची, मुकेशची, फुली.

काकड्या दिवाळीनंतर बोर्डीला चिकू काढताना झाडावरून पडला आणि गेला. मागे राहिली बायको जयवंती, एक मुलगी आणि हा बैल. शेजारच्या हिरूच्या बैलाशी सावड करून, दोघांची जोडी जुंपून जयवंती यंदा भात लावणार होती. पण मुलगा नाही, तेव्हा बैल भावाच्या घरी, असं पंचांनी ठरवून टाकलं. बळी तो कान पिळी! आणि रेघेची फुली करायला लागतं तरी काय? आणखी एक रेघ. मढ्याच्या टाळूवरचं लोणी इतक्या सहज क्वचितच कुणाच्या हाती लागलं असेल.

लडक्याला हे पटलं नव्हतं. पण पंचांपुढे त्याचं तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

“पाडू नका,” म्हणत जयवंती घरातून पुढे आली. “पाय मोडंल त्याचा. मी धरते.”

“धर मंग, वयनी,” मुकेश म्हणाला. “तुझंच ऐकतो तो.”

तिने वेसण धरली, कपाळ खाजवलं. बैल जागच्या जागी गप्प उभा राहिला. तो गोऱ्हा असताना पहिला डाग दिला, तेव्हाही वेसण तिनेच धरली होती. जळक्या केसांचा वास काकड्याला सोसत नसे.

लडक्या लाल लोखंड घेऊन उठला. डाग देण्याआधी एक विचारायचं असतं. वेसण धरणाऱ्याने मालकाचं नाव घ्यायचं, मगच लोखंड टेकवायचं. नाव न घेता दिलेला डाग म्हणजे चोरी. हा नेम लडक्याने कधी मोडला नव्हता, आणि आज तर त्याला त्याचाच आधार होता. ही काही मुकेशचं नाव घेणार नाही, अशी त्याला आशा होती.

“कोनाचा?” त्याने विचारलं.

जयवंती बैलाचं कपाळ खाजवत राहिली.

“कोनाचा गं, बयो?”

ती गप्पच. लोखंडाची लाली उतरत चालली. लडक्याला मनातून बरं वाटलं. मुकेशला मात्र दम धरवेना. त्याने लडक्याच्या हातातलं लोखंड हिसकावलं.

“राहू दे तुझा नेम. मीच टेकवतो.”

निवलेलं लोखंड कातड्याला चिकटतं, सालपट ओढून काढतं, आणि त्याच जागी पुन्हा डाग द्यावा लागतो. मुकेशने ते तसंच बैलाकडे नेलं. जयवंतीने लोखंडाकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “काका, तूच दे. लाल करून दे. एकदाच.”

“नाव?” लडक्याने विचारलं. त्याने मुकेशच्या हातून लोखंड परत घेतलं.

“मुकेशचा.”

लडक्याने लोखंड पुन्हा लाल केलं आणि टेकवलं. धूर निघाला. तांबड्याने लाथ झाडली नाही, एकदाच हंबरला. मागे कोण आहे ते त्याला दिसत नव्हतं. समोर जयवंती होती.

सगळं झाल्यावर तिने त्याच्या कपाळाकडे हात नेला. बैलाने मान मागे ओढली. तिने पुन्हा हात पुढे केला, तर तो डोळे पांढरे करून बाजूला सरला. मग मुकेश त्याला घेऊन गेला. जयवंतीचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

संध्याकाळी लडक्या ओट्यावर बसून राखेने हात घासत होता. वास काही जात नव्हता. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने नाकाला पदर लावला.

“आज कोनाचा बैल डागलास?”

“काकड्याचा,” लडक्या म्हणाला.