कसंतरीच होतंय

सासूबाईंच्या दुखण्याला माप असायचं. आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलं, त्यामुळे अंगात कुठे काही झालं तरी त्या टेप लावल्यासारखं सांगत. "उजव्या खांद्याखाली दोन बोटं, काजाएवढ्या जागेत ठणका आहे." गुडघ्यात चमक, पोटरीत पेटका, कमरेत उसण, तळपायाला मुंग्या. एकाचा शब्द दुसऱ्याला लावलेला त्यांना खपत नसे. शेजारीण कधी "कसंतरीच होतंय हो" म्हणत आली, तर सासूबाई चष्म्यावरून बघायच्या. "कसंतरी म्हणजे कसं? सैल होतंय की घट्ट?"

जावयाला त्या 'दोन ओळींचे जावई' म्हणत. त्याचा धंदाच तसा होता. इंग्रजी मालिकांखाली मराठी ओळी द्यायच्या, आणि पडद्यावर दोन ओळींपलीकडे जागा नाही. बोलणारा पानभर बोलला तरी याने ते दोन ओळींत कोंबायचं. त्यामुळे कुठला शब्द मेला तर कोणी रडणार नाही, याचा त्याला चांगला अंदाज आला होता. पहिला बळी नेहमी 'सेन्स'चा. इंग्रजी माणसाकडे सेन्स फार. विनोदाचा असतो, दिशेचा असतो, कर्तव्याचा असतो, कोणी गेलं की काही गमावल्याचाही असतो. सगळं कसं मालकीचं, कपाटात घड्या घालून ठेवल्यासारखं. मराठी माणसाकडे असलं काही नसतं. त्याला नुसतं वाटतं. राग येतो, भीती वाटते, मळमळतं. न बोलावता पाहुणे यावेत तसं येतं आणि जातं. तेव्हा सेन्स दिसला की कापायचा आणि 'वाटतंय' लिहून मोकळं व्हायचं. जागा वाचते, अर्थ कुठे जात नाही, असा त्याचा हिशेब होता.

न्हाणीघरात घसरून सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. रक्त कमी भरलं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताची पिशवी लावायची ठरली. बायको घरी कपडे आणायला निघाली. सिस्टरला मराठी येत नव्हतं, इस्पितळातला सगळा व्यवहार इंग्रजीत, म्हणून थांबायचं काम याच्याकडे आलं.

"आहेत ना दोन ओळींचे," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "माझं दुखणं बसवतील तेवढ्यात."

सिस्टरने पिशवी टांगली, नळीची चकती फिरवून धार जुळवली आणि ती पलीकडच्या खाटेकडे गेली. सासूबाईंनी इस्पितळाच्या झग्याची शिवण बोटांनी चाचपायला घेतली. "हा शिवलाय म्हणायचा की नुसता जोडलाय? बगलेत बघा, चक्क..."

वाक्य तिथेच राहिलं. बोटंही थांबली.

"जावईबापू."

"काय, आई?"

"मला कसंतरीच होतंय."

त्याला आधी हसूच आलं. "सैल की घट्ट?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याचं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. डोळे छताकडे नाही, त्याच्याकडेही नाही, मधेच कुठेतरी लागलेले. "कुठे होतंय ते कळत नाही हो. सगळीकडेच होतंय. सिस्टरला सांगा."

त्याने सिस्टरला हाक मारली. सिस्टर आली, तिने नाडी बघितली, ताप बघितला. नाडी जरा जलद होती, ताप नव्हता. कुठे दुखतंय? कुठेच नाही. शून्य ते दहामध्ये किती? सिस्टरचा प्रश्न त्याने मराठीत विचारला.

"दुखतच नाही तर आकडा कसला?" सासूबाई पुटपुटल्या. "कसंतरीच होतंय, तेवढं सांगा त्यांना."

तेवढं! तेवढंच तर सांगता येत नव्हतं. डोक्यातला इंग्रजीचा सगळा माल त्याने उपसून बघितला. 'समथिंग' हाती लागलं, तर सिस्टर म्हणाली, समथिंग म्हणजे काय? मग तो म्हणाला, "शी इज फीलिंग बॅड." सिस्टरचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने वाकून सासूबाईंच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, त्रास कसला, आमचं कामच आहे हे. बॅड ऐकून तिला वाटलं, म्हातारी माफी मागतेय.

"काय म्हणते ती?"

"काळजी करू नका म्हणते."

"मी काळजी करत नाहीये. मला कसंतरीच होतंय!"

आणि थेंब पडत होते. त्याने बायकोला फोन लावला.

"कसंतरीच म्हणाली? आई?"

"हो."

"शेजारच्या काकू नाही, आपली आई?"

"अगं, आपलीच आई."

"अरे, मग फोन काय करतोयस मला? माझी आई हा शब्द वापरत नाही. जा, काहीतरी कर!"

तो पुन्हा सिस्टरसमोर उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम, तिच्यापुढे आणखी सहा खाटा. कसंतरी नको, सोपं काहीतरी, जे हिला लगेच कळेल. "शी इज अफ्रेड," तो म्हणाला.

हे मात्र लगेच कळलं. भीती वाटतेय होय! त्याला गोळी आहे, शांत झोप लागेल. सिस्टर गोळी आणायला निघाली, आणि याला सुटल्यासारखं झालं. शेवटी एक तरी वाक्य पोचलं.

ते सुख फार टिकलं नाही. 'भीती वाटतेय' हे वाक्य त्याने आधी कुठेतरी लिहिलं होतं. पडद्यावरच्या असल्याच खाटेखाली, दोन ओळींत.

इस्पितळाची एक मालिका होती. त्यातला म्हातारा डॉक्टर पोरांना बजावतो, पेशंटने असं असं सांगितलं तर यंत्र काय म्हणतंय ते बघत बसू नका, आधी पेशंटवर विश्वास ठेवा. ते असं असं लांबलचक होतं, मावेना. याने कापून लिहिलं, 'पेशंटला भीती वाटतेय.' पुढे पडद्यावर सगळे जीव तोडून धावत सुटले. कामं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "एक बाई घाबरली म्हणून अख्खं इस्पितळ का धावतंय हो?" याने उत्तर दिलं होतं, जागा नव्हती.

काय होतं ते असं असं? सेन्स नक्की होता. सेन्स होता म्हणून तर कापलं. सेन्स ऑफ... शेवटचा शब्द आखूड, तोंड बंद करणारा. त्याने आठवायला डोळे मिटले, तर कापलेल्या हजार ओळींचा नुसता चुरा. मागून सासूबाईंचा आवाज आला, कधी नव्हे इतका बारीक. "जावईबापू, जाऊ नका हो."

आजवर त्यांनी त्याला कधी थांबा म्हटलं नव्हतं.

तो व्हरांड्यात धावला. सिस्टर पेल्यात पाणी ओतत होती. त्याने ट्रॉलीच धरली.

"शी हॅज अ सेन्स! सेन्स ऑफ रूम!"

"वेगळी रूम हवी आहे?" सिस्टरने विचारलं. रिकामी नव्हती.

"नो! नॉट रूम!" लोक बघत होते. त्याला रडू फुटत होतं आणि जीभ दातांवर आपटत होती. रूम, ग्लूम, टूम... "डूम! सेन्स ऑफ डूम! इम्पेंडिंग! शी हॅज!"

सिस्टर मालिकेतल्यासारखी ओरडली नाही. तिने पेला खाली ठेवला, गोळी खिशात टाकली आणि लांब टांगा टाकत खाटेशी जाऊन पहिल्यांदा नळीची चकती बंद केली. मग घंटा. मग पडदा, आणि जावई पडद्याबाहेर.

आत सासूबाईंना थंडी भरली होती. खाट वाजत होती. एवढ्याशा देहाने लोखंडी खाट कशी वाजू शकते? डॉक्टर आले, आणखी दोघं आली, कोणीतरी पिशवीवरची रक्तगटाची चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि मग पुन्हा एकदा, हळू आवाजात. ते दुसऱ्यांदा वाचणं त्याला सगळ्यात वाईट वाटलं. बायको आली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. तिने विचारलं, "काय झालं?" आणि त्याने पडद्याकडे बोट दाखवलं.

फार वेळाने डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, रक्त अंगाला मानवलं नाही; पिशवी तपासायला पाठवलीय, का ते आत्ताच सांगता येणार नाही. ते रक्त आणखी बरंच अंगात गेलं असतं तर मात्र बोलण्यासारखं काही उरलं नसतं.

सासूबाई वाचल्या. बोलायचं त्राण यायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं.

"त्या सिस्टरला एवढं काय सांगितलंत हो? एकदम पळापळ झाली."

त्याने तोंड उघडलं. इंग्रजीत सांगितलेलं मराठीत आणायचं, रोजचंच काम. पण जे ओठांवर आलं ते खाटेवरच्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. मरण दारात आलंय अशी खात्री तुमच्यापाशी आहे, असं मी तुमच्या वतीने ओरडून आलो. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तुम्ही म्हणालात तेच सांगितलं," तो म्हणाला. "कसंतरीच होतंय."

"एवढंच?"

"एवढंच."

सासूबाईंनी त्याच्या मनगटाकडे बघितलं. नखांच्या खुणा अजून होत्या. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, शिवण दाबून बघतात तसा.

"अर्धी ओळसुद्धा नाही ती," त्या म्हणाल्या. "मग सांगायला इतका वेळ का लावलात?"