खंडेनवमीची कुंडी

दसऱ्यापासून आमच्या उत्कर्षाला माणसं दिसेनाशी झालीत. सोलापुरातल्या लॅबमधून आली की चप्पल काढायच्या आत आमच्या नर्सरीच्या जाळीत शिरते, टोमॅटोच्या रोपांवर वाकते, पानं न्याहाळते. हात मात्र पाठीमागं धरलेले. आजी जेवलीस का, एवढंही तोंडातनं निघत नाही. सख्खी नात, पण वागणं असं की जणू मीच पाव्हणी आलेय.

तिचं काम मी खोदून खोदून विचारून घेतलंय. तंबाखूच्या झाडाला एक रोग असतो. त्या रोगाच्या म्हणे डोळ्याला न दिसणाऱ्या काड्या असतात. त्या पानातनं काढायच्या, स्वच्छ करायच्या आणि त्यांच्यावर सोन्याचे कण चढवायचे. पुढं त्यातनं माणसाचा आजार ओळखता येईल.

"रोगाला दागिने घालतीस व्हय गं?" म्हणून मी हसले होते. बायकांत मात्र मान वर करून सांगत होते.

म्हणूनच खंडेनवमीला म्हटलं, घरातला जो तो आपलं हत्यार पुजतोय, तूही आण की. तिनं सोन्याच्या लालसर पाण्याची कुपी आणली आणि कुंडीत त्या रोगाचं तंबाखूचं रोप. पानं हिरवी-पिवळी, गोधडीच्या ठिगळांसारखी. मी त्या पानांना दाबून हळदकुंकू लावलं, मग त्याच बोटांनी खुरप्यांना, कात्रीला आणि शेवटी रोपांच्या ट्रेंना.

आज रोपं न्यायला मंगळवेढ्याचा टेम्पो दारात लागला. माझा लेक सयाजी ट्रे उचलायला लागला. उत्कर्षा खांबाला टेकून, पांढरीफटक. मी एक रोप उजेडात धरलं. पानावर तीच ठिगळं.

"हे काय हाय गं?"

"आजी, माणसाला त्यानं काही होत नाही."

"माणसाचं कोण इचारतंय?"

ती खाली बघत बोलली, "हातानं पसरतो तो रोग, टोमॅटोलाही लागतो. तू बोटं लावलीस तेव्हाच मला कळलं होतं. पण पूजेत तुला हात धू कसं म्हणू?"

"आन् पूजा झाल्यावर?"

"वाटलं, नाही लागणार."

"परवा मोडनिंबला ह्याच रोपांचा माल गेला, तवा बी असंच वाटलं?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सयाजीनं ट्रे खाली ठेवला आणि त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला. मला त्याचा हातच दिसत राहिला.

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"जाळीतलं एकूण एक रोप तू उपटायचं आन् जाळायचं. मग मोडनिंबला जायाचं, रोपं घेतलेल्यांच्या दारोदार, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. हात माझा हुता, पोरी. ठावं तुला हुतं."