पाय उचलणारी मोटार

जगाचा तोल माझ्यावर अवलंबून आहे. मी नसलो तर हे जग एका बाजूला कलंडेल.

जग म्हणजे एका चष्मेवाल्याची छोटी लाल मोटार, आणि तिचीही फक्त मागची बाजू. पुढच्या बाजूशी माझा काही संबंध नाही. पण सुरुवात जरा भारदस्त असावी असं वाटलं.

मित्रांनो, मी एक जुना अँटी-रोल बार आहे. हे नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, आणि ज्यांच्या राहतं त्यांच्या ते भलतंच असतं. मी आपला एक वाकवलेला पोलादी दांडा. गाडीच्या पोटाखाली आडवा पडून असतो. माझं एक टोक डाव्या चाकाजवळ बांधलेलं, दुसरं उजव्या. वळणावर गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. तेव्हा मी पीळ खातो आणि तिला म्हणतो, बाई, नीट बस. स्वतः पीळ खायचा आणि दुसऱ्याला सरळ बसवायचं, एवढीच माझी विद्या.

माझा जन्म स्प्रिंगांच्या कारखान्यात झाला. मला लाल होईपर्यंत तापवलं, वाकवलं, तेलात बुडवलं. टोकं चपटी करून त्यांना तीन तीन भोकं पाडली. अगदी टोकाच्या भोकात बांधलं तर मी मवाळ, मधल्यात बांधलं तर मध्यम, आणि आतल्या भोकात बांधलं तर मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझं तारुण्य शर्यतीच्या गाडीखाली गेलं. तिथे मी कायम आतल्या भोकात. वळण आलं की मी मागचं आतलं चाक जमिनीवरून वर उचलून धरायचो. गाडी तीन चाकांवर वळायची आणि लोक टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. ते फोटो माझे आहेत अशी माझी समजूत होती. त्यांपैकी एकातही मी दिसत नाही. पुढे ती गाडी भंगारात निघाली आणि मी एका गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकलो. माझ्यावर ओली फडकी वाळत घालत. त्याबद्दल तक्रार नाही. मला धरून राहणारं तेवढंच कोणी होतं.

एके दिवशी चष्मेवाले आपली बायको आणि आई यांना घेऊन त्या गॅरेजात आले. आईंना गाडी लागायची. आईंची धाकटी बहीण डोंगरावरच्या गावात राहायची आणि तिथवर सगळा रस्ता वळणावळणाचा. बहिणीचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचं खाली येणं बंद. मागच्या खेपेला हे लोक अर्ध्या डोंगरावरून माघारी आले होते. आईंनी फोनवर बहिणीला ‘गाडी बिघडली’ असं ठोकून दिलं होतं. तेव्हापासून दोघींची भेट फोनच्या पडद्यावर, आणि त्यात मावशींचं फक्त कपाळ दिसायचं.

“गाडी होडीसारखी डोलते, म्हणून आजींना मळमळतं,” मेकॅनिक म्हणाला. “जाड बार टाकू.”

“पुढे?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“पुढे नको. या गाड्यांत इंजिन पुढे. ओढायचं पुढच्या चाकांनी, वळायचंही पुढच्याच चाकांनी. त्यात तिथे जाड बार टाकला तर गाडी वळायचं नाव घेत नाही, नाकासमोर जाते. मागे टाकू.”

“म्हणजे आमच्या घरासारखंच,” बायको म्हणाली. “ओढायचंही मी, वळवायचंही मी. मागची चाकं आपली येतात बरोबर.”

मागच्या चाकांनी मान डोलावली. मेकॅनिकने मला खिळ्यावरून काढलं. “हा बघा अँटी-रोल बार. शर्यतीतला माल आहे.”

“कोण आंटी?” आईंनी विचारलं.

“आंटी नाही गं, अँटी. बार आहे. तुझ्या सीटखाली बसेल.”

“माझ्या सीटखाली बार?” आईंनी मला न्याहाळलं. “तुझे वडील असते तर पुढे बसायचा हट्ट सोडून मागे आले असते.”

मित्रांनो, तुमची ओळख पहिल्याच दिवशी अशी करून दिली तर तुम्हाला कसं वाटेल? पण ही लाज बरी म्हणावी, अशी दुसरी पुढे उभी होती.

मेकॅनिकने मला सवयीने आतल्या भोकात बांधलं. वर टायरांत हवाही टणक भरली. घरी जाताना चष्मेवाल्यांच्या दुकानाजवळचं वळण आलं. ते उताराचं आहे आणि आतल्या बाजूला विजेचा खांब आहे. मी आपला पूर्वीच्याच इमानाने पीळ खाल्ला आणि मागचं चाक उचललं. टाळ्यांची वाट पाहिली.

शेजारचा न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा होता.

“चष्मेवाले, तुमच्या गाडीने आत्ता खांबापाशी पाय वर केला.”

“कोणता पाय?”

“मागचा डावा. माझा कुत्रा बघत होता. त्यालाही ते पटलं नाही.”

ज्या कामाचे फोटो निघत होते तेच काम, तोच पाय. फक्त बघणारे बदलले आणि माझं तोंड काळं झालं. आधीही ते काळंच होतं, म्हणून कोणाला कळलं नाही.

खरी फजिती डोंगराकडे निघालो तेव्हा झाली. पायथ्यापर्यंतचा रस्ता सरळ, पण खड्ड्यांचा. एक चाक खड्ड्यात गेलं की मी दुसऱ्यालाही ओढत होतो, कारण दोघांना मी एकत्र बांधलेलं. गाडी डावीकडून उजवीकडे हिसके देत चालली. टणक टायरांनी त्यात भर घातली. पहिलं वळण यायच्या आत आईंनी पिशवी मागितली.

गाडी रस्त्याकडेला थांबली. आईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि वर डोंगराकडे बघितलं. “राहू दे रे. तिला सांग, गाडी बिघडली.”

या खेपेला ते खरं होतं, आणि बिघाड म्हणजे मी होतो. मी पोलादाचा आहे, मला वितळायला मोठी भट्टी लागते. पण त्या क्षणी थोडक्यात भागलं असतं.

रात्री जेवताना चष्मेवाले म्हणाले, “आणखी जाड बार मिळतो म्हणे.”

बायकोने वाटी खाली ठेवली. “अहो, गिऱ्हाईक आलं की तुम्ही पहिल्याच झटक्याला सगळ्यात जाड भिंग लावता?”

“नाही.”

“आणि दोन्ही डोळ्यांच्या काचा एकदम बदलता?”

“छे. एका वेळी एकच. मग विचारायचं, हे बरं की आधीचं.”

“मग गाडीने काय पाप केलंय?”

चष्मेवाले जेवायचे थांबले. “नंबर जास्त झालाय,” ते हळूच म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी आईंना मागे बसवून तपासणी सुरू झाली. आधी फक्त हवा कमी केली आणि खड्ड्यांच्या रस्त्याने एक फेरी मारली.

“आई, हे बरं की आधीचं?”

“दोन्ही सारखंच.”

मग मला मधल्या भोकात बांधलं. “आता?”

“आधीचं म्हणजे कुठलं आधीचं?”

“आई, गिऱ्हाइकांसारखं करू नकोस.”

शेवटी मला अगदी टोकाच्या, मवाळ भोकात बांधलं. या भोकात मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. शर्यतीतला दांडा मी. मला तिथे अंगावर धोतर नसल्यासारखं वाटलं. फेरी झाली. “आता कसं वाटतंय?” चष्मेवाल्यांनी वळून पाहिलं तर आईंना झोप लागली होती.

आणि आज आम्ही डोंगर चढलो. वळणावर गाडी जराशी झुकत होती, पाहुण्याने मान लववावी इतकी. मी थोडासाच पीळ खाल्ला. चारही पाय जमिनीवर राहिले. शिवाय चष्मेवाले गाडी हळू चालवत होते, हे सांगायला हवं. बायको शेजारी बसून प्रत्येक वळणाआधी नुसती खाकरत होती. माझ्या कर्तबगारीत या खाकरण्याचा वाटा किती, हे कोणी काढलेलं नाही आणि काढू नये.

मावशी काठी टेकत फाटकात आल्या. आई स्वतःच्या पायांनी उतरल्या.

“मळमळलं नाही?”

“नाही.”

“मग इतकी वर्षं का आली नाहीस?”

“गाडी बिघडायची.”

“दर वेळी?” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी आईंचा हात धरला तो अजून सोडलेला नाही. दोघी आत बसल्या आहेत. मी ज्यात सगळ्यात कमी केलं, तेच काम सगळ्यात चांगलं झालं. यात अभिमान नक्की कशाचा धरावा ते कळत नाही, म्हणून मी लाज धरूनच पडून आहे.

मित्रांनो, कधीतरी आपल्या गाडीखाली डोकवा. आम्हा दांड्यांना धरून ठेवणारी रबरं फाटली असतील तर बदला. काही बदलायचं झालं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मागे बसलेल्या माणसाला विचारा. ते माणूस ‘दोन्ही सारखंच’ म्हणेल. तरी विचारा.

आणि वाकलाच आहात तर एक करा. मावशींची मांजर केव्हाची माझ्यावर चढून बसली आहे आणि तिची शेपटी माझ्या भोकात हलते आहे. तेवढं तिला हुसकता का? मला फार गुदगुल्या होतात.