शरोफतची पांढरी गुलबक्षी

उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलानात गुलबक्षीला नावच संध्याकाळच्या नमाजाचं आहे. ऊन कललं की ती उमलायला लागते, अजानच्या सुमारास अंगणभर वास सुटतो आणि बायका हातातलं काम टाकून चहाला बसतात. शरोफत आणि मस्तुरा या दोघी जावा एकेकाळी एकाच चहादाणीतून चहा प्यायच्या. सासरे गेले, भावांनी घर वाटून घेतलं आणि अंगणाच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. तेव्हापासून थोरली शरोफत धाकटीचं नाव घेत नाही. नुसतं ‘पलीकडची’ म्हणते.

मस्तुराच्या बाजूला लालभडक गुलबक्षी होती. शरोफतकडे पांढरी. तिची आई वारली आणि माहेरचं घर विकलं गेलं, तेव्हा त्या अंगणातून तिने एवढा एकच कंद उपटून आणला होता. रताळ्यासारखा, वरून काळपट. थंडीआधी तो काढून ती तळघरात वाळूत पुरून ठेवायची, जर्दाळूचा बहर आला की पुन्हा लावायची.

त्या उन्हाळ्यात त्या झाडाभोवती गळलेल्या बियांतून रोपं आली आणि त्यांना गुलाबी फुलं लागली. शरोफत माझ्याकडे आली. मी समोरच राहते, दोघींची मुलं माझ्याच वर्गात शिकली.

“बाई, पलीकडचीने माझ्या वाफ्यात हात घातलाय,” ती म्हणाली. “आईची रोपं उपटून नेली आणि स्वतःची खोचून ठेवली.”

मी तिच्याबरोबर तिच्या अंगणात गेले, तिला वाफ्यापाशी बसवलं. एक फूल खुडून त्यातले पराग बोटावर घेऊन दाखवले, मुलांना दाखवते तसे. संध्याकाळी लांब सोंडेचे पतंग येतात, लाल फुलातले पराग पांढऱ्यावर आणि पांढऱ्यातले लालवर नेतात, त्यांना भिंत आडवी येत नाही, असं सांगितलं.

“म्हणजे तिचे पतंग माझ्या अंगणात येतात?”

पतंग कुणाचे नसतात, असं मी म्हटलं. “पण येतात तिच्याकडूनच ना?” असं तिने विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बी दोघांचं असतं, कंद मात्र एकट्या आईचा. जुना कंद आहे तोवर पांढरं फूल कुठे जात नाही, तो सांभाळ. यातलं तिने किती ऐकलं कुणास ठाऊक.

पलीकडेही काही झाडांना गुलाबी फुलं आली होती. आमचं बोलणं ऐकून मस्तुरा भिंतीवरून म्हणाली, “माझ्या लालभडक फुलांचा रंग विटवला, मी गेले का रडत? तिच्या आईचं फूल तिच्या आईसारखंच. रंग ना रूप.”

पाटाचं पाणी आधी शरोफतच्या अंगणात येतं आणि भिंतीखालच्या भोकातून पलीकडे जातं. पाण्याची पाळी आली तेव्हा तिने त्या भोकात जुनी गोधडी कोंबली आणि वरून चिखल लिंपला. धाकट्या दिराने विचारायला माणूस पाठवला, तर म्हणाली, पाण्यालाच विचारा.

तिच्या वाफ्यात पाणी तुंबलेलं मी पाहिलं. गुलबक्षीचा कंद आपलं पाणी आपल्यात साठवून ठेवतो, साचलेल्या पाण्यात सडतो, हे मी तिला समजावून सांगितलं.

“तिच्या झाडांना माना टाकू देत, बाई. मग काढते गोधडी.”

पण मस्तुरा गल्लीतल्या नळावरून बादल्या भरून आणायची आणि पाणी मुद्दाम आवाज करत ओतायची. तिची झाडं माना टाकेनात, म्हणून ही गोधडी काढेना. पुढच्या पाळीला पुन्हा पाणी तुंबलं. मग शरोफतच्या वाफ्यातली पानं पिवळी पडली. तिने आईचं झाड धरून ओढलं तर ते सहज हातात आलं. ओढणीत घेऊन ती माझ्याकडे आली. कंद बोटाने दाबला की आत जात होता, आणि त्याला घाण वास येत होता. भोवतीची रोपंही गेली होती.

मी तिला खरं ते सांगितलं. पांढरा रंग अजून पुरता गेलेला नाही. मस्तुराच्या गुलाबी झाडांत तो लपलेला आहे. त्यांचं बी पेरलं, तर चार-पाचांत एखादं झाड पांढरं निघेल.

तिने मलाच बी मागायला पाठवलं. मी गेले. मस्तुराने मला चहा दिला, नान दिली, आणि म्हणाली, तिला पाय आहेत.

बी मिऱ्यासारखं काळं होऊन गळायला लागलं, तेव्हा शरोफत गेली. मला सोबत नेलं. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, सलाम केला नाही.

“माझ्या आईचं बी दे.”

“तुझ्या आईचं इथे काही नाही,” मस्तुरा म्हणाली. “माझ्या फुलांचं आहे.”

शरोफतचे ओठ पांढरे पडले. ती आता वळून जाणार असं मला वाटलं.

“तुझ्या फुलांचं दे,” ती म्हणाली.

“आधी पाणी सोड.”

“सकाळीच सोडलंय. डोळे आहेत ना?”

“आलं खरं पाणी. मला वाटलं, घुशीने भोक पाडलं.”

मस्तुराचा हात आधी लाल फुलांच्या झाडाकडे गेला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहत होते. मग ती गुलाबी झाडापाशी वाकली. बी शरोफतच्या ओढणीच्या टोकात टाकलं आणि तिची गाठ मारून व्हायच्या आत दार लावून घेतलं.

पुढच्या वसंतात शरोफतने ते स्वयंपाकघराच्या बाजूला पेरलं. पहिलं झाड लाल निघालं. तिने ते उपटून भिंतीपलीकडे फेकलं. तिथून ते तसंच परत आलं. त्यानंतरची दोन गुलाबी निघाली, त्यांचंही तेच झालं.

एका संध्याकाळी मी तिच्याकडे चहा पीत होते, तेव्हा चौथ्याची कळी उलगडली. फूल पांढरं होतं. शरोफत उठली नाही. तिने हातातली पियाली खाली ठेवली आणि दुआनंतर फिरवतात तसे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

भिंतीपलीकडे बादलीचा आवाज थांबला. आज इकडून काही फेकलं गेलं नव्हतं. थोड्या वेळाने मस्तुरा खोकली, मग पुन्हा खोकली, जरा मोठ्याने.

शरोफतने मला गप्प राहायची खूण केली आणि माझी पियाली भरली.